सुधा आणि सांधा

तंजावरचा किल्ला मागे टाकून पट्टुकोट्टैच्या रोखाने दक्षिणेस निघाले म्हणजे कावेरीच्या पाटांनी बारमाही ओली दिसणारी हिरवी सपाटी हळूहळू विरळ होत जाते, पायाखालची माती तांबूस होऊ लागते, आणि सुमारे 24 किलोमीटरांवर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. हे नाव महाराष्ट्रातील चांगल्या बहुश्रुत वाचकाच्याही कानावरून सहसा गेलेले नसते. वास्तविक या गावातील सर्वांत भव्य वास्तू एका मराठी राजाने उभारलेली आहे, तिच्या जमाखर्चाचे कागद मोडी लिपीत लिहिले जात, आणि ज्या स्त्रीच्या नावाने ती ओळखली जाते तिच्या आठवणीने या परिसराला मुक्तांबाळपुरम् असे नावही पडले होते. ही वास्तू म्हणजे मुक्तांबेचे छत्र. दर्शनी भागाला रथाचा आकार दिलेला, तो रथ ओढणारे हत्ती आणि घोडे दगडात कोरलेले, आणि त्यामागे चौक, सोपे, ओसऱ्या यांचा मोठा विस्तार: एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सरफोजी महाराजांनी हे काम करविले.

मुक्तांबा ही महाराजांची विधिपूर्वक वरलेली राणी नव्हती. ती त्यांची प्रिय सहचरी होती, आणि मृत्युशय्येवर तिने आपल्या नावाने एक अन्नछत्र असावे एवढीच इच्छा बोलून दाखविली, अशी कथा तंजावर प्रांतात सांगतात. कथेचा खरेखोटेपणा पारखण्याचे येथे कारण नाही. एवढे मात्र खरे, की तंजावरच्या भोसल्यांनी सेतूच्या वाटेवर जी छत्रे बांधली त्यांपैकी बहुतेकांना राण्यांची नावे दिलेली असताना, त्या मालिकेत या एका विवाहबाह्य नावालाही त्याच इतमामाने जागा मिळाली. ओरत्तनाडूवरून ही वाट पुढे पट्टुकोट्टैस, तेथून समुद्रकाठच्या सेतुभावाछत्रास, मग मणमेलकुडी आणि मिमिसल करीत रामेश्वरास जाई. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वरी वाहावयाची आणि सेतूची वाळू परत काशीस न्यावयाची, हा ज्यांच्या आयुष्याचा एकमेव मोठा प्रवास असे, अशा देशावरच्या आणि कोकणातल्या कित्येक मराठी यात्रेकरूंनी या ओसरीवर पथारी टाकली असेल आणि परमुलखात आपली भाषा कानी पडल्यावर दोन घटका हायसे वाटून घेतले असेल.

छत्र हा शब्द मूळचा ‘सत्र’. यज्ञसत्र, अन्नसत्र यांतला. तमिळने त्याचे सत्तिरम् केले, मराठीने छत्र केले, आणि दोन्ही भाषांत त्याला ऊनपावसापासून निवाऱ्याचा अर्थ आपोआप चिकटला. सरफोजींच्या दृष्टीने या संस्थेचे महत्त्व केवढे होते, हे 1801 साली त्यांनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास लिहिलेल्या पत्रावरून कळते. 1799 च्या तहाने मुलकाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. किल्ला, मानमरातब आणि महसुलाचा ठराविक हिस्सा एवढेच राजाच्या पदरी उरले होते. अशा स्थितीत छत्रांच्या मोईन-नेमणुकीस आणि इनाम गावांस हात लागू नये म्हणून राजाने कंपनीच्या अधिकाऱ्याला छत्रांची कामगिरी समजावून सांगितली: ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्यास अन्न, चालवत नसेल अशा आजाऱ्यास औषधोपचार, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीस बाळंतपण आटोपून अंगात त्राण येईपर्यंत आसरा, आणि वाटेतच कोणाचा अंत झाला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी. राज्य गेलेल्या राजाने राज्य मागितले नाही, राज्याचा हा एक काठ तेवढा मागितला. आणि तो काही काळ त्याच्याकडे राहिलाही.

आता इतिहासकार येथवर येऊन सामान्यतः थांबतात, किंवा सनावळीच्या मागे लागतात. आम्हांला मात्र या छत्राच्या भिंतीपाशी थोडे रेंगाळावेसे वाटते. वीट आणि चुना या दोन द्रव्यांनी बांधलेली, वरून गिलाव्याने झाकलेली भिंत ही दिसावयास एकसंध वस्तू असली तरी ती वास्तविक थरांची आणि सांध्यांची एक उतरंड असते, आणि भिंतीचे आयुष्य ज्या ठिकाणी ठरते ते ठिकाण विटेत नसते, चुन्यातही नसते; जेथे वीट संपून चुना सुरू होतो त्या केसाएवढ्या सीमेवर असते. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत तिला आंतरपृष्ठ म्हणतात. गवंडी तिला सांधा म्हणतो, आणि दगडी कामात दर्जा भरताना त्याचे सारे लक्ष तेथेच असते.

संस्कृतात अमृताला जो ‘सुधा’ शब्द, तोच चुन्याला; आणि सुधेने लिंपलेले घर म्हणून राजवाड्याला ‘सौध’ हे नाव. आमच्या पूर्वजांना हा श्लेष योगायोगाने सुचला असेल असे वाटत नाही, कारण चुन्याच्या आयुष्यक्रमात मृत्यू आणि पुनर्जन्म यांचा खेळ उघड दिसतो. चुनखडी किंवा समुद्रकाठचे शिंपले भट्टीत घालून सुमारे 900 अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्यांतला कर्बाम्ल वायू निघून जातो आणि शंभर भाग दगडाचे छप्पन्न भाग कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला म्हणजे फसफसून, कढत होऊन, लोण्यासारखा मऊ बनतो. आणि भिंतीवर चढल्यानंतर हवेतून तोच वायू पुन्हा शोषून घेत घेत, वर्षानुवर्षांनी, पुनश्च दगड होतो. हे दगड होणे बाहेरून आत, अतिशय मंद गतीने चालते. जाड भिंतीच्या पोटातला चुना बांधणारा मेल्यानंतरही पुरता पिकलेला नसतो. तमिळ मुलखातील कारागीर या चुन्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालीत आले आहेत. हिरड्याला तेथे कडुक्काय म्हणतात. साखरेच्या पाण्यात चुना अधिक विरघळतो हे रसायनशास्त्राने पुढे दाखविले. कारागिराला एवढेच ठाऊक होते की गूळ घातलेला चुना थापीखाली चांगला चालतो आणि अंगाशी चांगला धरतो. मद्रास इलाख्यातील शिंपल्यांच्या चुन्याचा, घोटून घोटून आरशासारखा झालेला गिलावा गोऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांत भरला, आणि ‘चुनम्’ हा शब्द त्यांच्या भाषेत गेला. मराठीने मात्र ‘चुना लावणे’ म्हणजे फसविणे असा अर्थ करून ठेवला आहे, तो का, हे पुढे सिमेंटच्या प्रकरणात ज्याचे त्याला कळेल.

विटेला चुना लावण्यापूर्वी वीट पाण्यात बुडवून ठेवावयाची, हा गवंडीकामातला पहिला धडा. नवशिका बिगारी यात कुचराई करतो, आणि मुकादम त्याला रागे भरतो. पण का भिजवावयाची हे दोघांनाही नेमके सांगता येत नाही. कोरडी, तहानलेली वीट चुन्याच्या लगतच्या थरातले पाणी एका दमात पिऊन टाकते; तेवढा थर मग घट्ट होण्याऐवजी भुकटीसारखा सुटा राहतो; आणि भिंत वरून कितीही धडधाकट दिसली तरी तिच्या प्रत्येक विटेभोवती पिठाचे एक अदृश्य अस्तर लागलेले असते. जुन्या भिंतीतली वीट उपसून पाहिली तर असे आढळते की चुना विटेपासून स्वच्छ सुटलेला नाही. विटेला चुन्याचा पातळ लेप चिकटूनच राहिला आहे, आणि फूट त्या लेपाच्या किंचित अलीकडे, चुन्याच्याच अंगात पडली आहे. जोड तुटला असे आपण म्हणतो, पण जोडाच्या शेजारचा दुबळा थर तुटलेला असतो. 1961 साली ‘द सायन्स ऑफ अ‍ॅडहीसिव्ह जॉइंट्स’ या ग्रंथातून जेकब बिकरमन यांनी हाच सिद्धान्त सर्व प्रकारच्या चिकटकामाला लावला: दोन पदार्थ नेमक्या सीमेवर विलग होणे जवळजवळ अशक्य असून, जे तुटते ते सीमेलगतचे, मळ, हवा, ओल किंवा अपुऱ्या घट्टपणामुळे निर्बल झालेले पटल असते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा आग्रह सर्वांनी जसाच्या तसा मान्य केला नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु वीट धुऊन आणि भिजवून घ्या, या मुकादमाच्या दरडावणीला एक शास्त्राधार मिळाला.

येथपर्यंत दुबळा थर हा दोषच दिसतो. पण हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहता येते, आणि आमच्या मते छत्राच्या भिंतीचे खरे मर्म त्या उलट बाजूत आहे. फार्नबरोच्या विमान-संशोधनशाळेतील ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काचेच्या तंतूंवर प्रयोग करून असे दाखविले की कठीण पदार्थ त्याच्या अंगच्या बळाच्या मानाने फारच लवकर मोडतो, कारण त्याच्यात आधीच असलेल्या सूक्ष्म भेगांच्या टोकांशी सारा ताण एकवटतो, आणि भेग पुढे सरकताना जे नवे पृष्ठभाग निर्माण करावे लागतात त्यांचा खर्च त्या ताणात साठलेल्या शक्तीतून भागला, की मग तिला अडविणारे कोणी उरत नाही. काच तडकते ती अशी. मग अवघी सृष्टी काचेसारखी का तडकत नाही? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर 1964 साली कुक आणि गॉर्डन या दोघांनी दिले: पदार्थात जागोजाग मुद्दाम दुबळे सांधे ठेवा. धावत येणाऱ्या भेगेच्या पुढ्यातला असा सांधा, त्याचे बळ सभोवारच्या पदार्थाच्या सुमारे पंचमांश किंवा त्याहून कमी असले तर, भेग पोहोचण्याआधीच थोडासा उघडतो. भेग येऊन त्या पोकळीत पडते, तिचे तीक्ष्ण टोक बोथट होते, आणि तिचा प्रवास तेथेच खुंटतो. लाकूड, बांबू, हाड हे याच युक्तीने टिकतात. समुद्रातल्या शिंपल्याच्या आतली मोतिया तकाकीदेखील याचीच साक्ष आहे: तिच्यात शंभरात पंचाण्णव भाग ठिसूळ चुनखडीच असते, पण तिचे पत्रे एकावर एक रचून मधे मऊ प्रथिनाचे झिरझिरीत पडदे घातलेले असतात, आणि त्या पडद्यांच्या जोरावर शिंपला नुसत्या चुनखडीपेक्षा कितीतरी चिवट बनतो. त्या शिंपल्याची भट्टीत राख करून माणूस चुना काढतो आणि मग तीच युक्ती विटांच्या आकारमानावर पुन्हा नव्याने रचतो, हे पाहून कौतुक वाटते.

कारण चुन्याचा सांधा विटेपेक्षा दुबळा असतो, आणि तो तसाच असावयास हवा. भिंत खचते, पाया थोडा बसतो, उन्हाळ्यात विटा फुगतात आणि मार्गशीर्षाच्या पावसात पुन्हा आवळतात. या सगळ्या हालचाली सांध्यातला चुना आपल्या अंगावर घेतो, बारीक बारीक चिरतो, आणि पाझरत्या ओलीबरोबर विरघळलेला चुना त्या चिरांत पुन्हा साकळून कित्येकदा त्या बुजवतोही. वीट शाबूत राहते. सांधा झिजला तर दर्जा पुन्हा भरता येतात. वीट फुटली तर काय भरणार? गिलाव्याचेही असेच. आतला हात जाड आणि भरड, त्यावरचा बारीक, त्यावर नीरूचा घोट, आणि सर्वांत वर चुन्याची सफेदी: प्रत्येक बाहेरचा थर आतल्या थराहून पातळ आणि निर्बल, म्हणजे पहिला बळी त्याचा जावा. भिंतीतून लोणा वर चढला तर क्षार सफेदीवर फुटून पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसतात, ते खराट्याने झाडून टाकावयाचे आणि दुसरा हात मारावयाचा. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर दिवाळीपूर्वी घरे सारवण्या-रंगविण्याचा रिवाज आहे. तमिळ देशात खरा पाऊस आश्विनानंतर ईशान्येकडून येतो, म्हणून तेथे हेच काम पोंगलच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे भोगीपर्यंत, उरकतात. भोगी हा शब्द आपलाही आहे, पण आपण त्या दिवशी भाजी-भाकरीपलीकडे जात नाही.

याच मुलखात सांध्यांच्या शास्त्राचा एक भव्य दाखला ओरत्तनाडूपासून दोन-अडीच तासांच्या सायकलरपेटीवर, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. त्या मंदिराच्या प्राकारभिंतीवर सरफोजींनी 1803 साली बाबूराव चिटणिसांकडून लिहवून घेतलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख पाहावयास आपण जातो. पण गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात गेले तर भिंतीवर नायककाळची सतराव्या शतकातील चित्रे असून, 1931 साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना त्या चित्रांचा थर जेथे निखळला होता तेथे खाली दुसरी, चोळकाळची, सहाशे वर्षांनी जुनी चित्रे दिसली. नायकांच्या कारागिरांनी चोळांच्या चित्रावरच नवा गिलावा चढविला होता, आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे तो जिवाभावाने चिकटला नव्हता. मद्रासच्या संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन् यांनी तपासणी करून चोळांची चित्रे ओल्या चुन्यावर रंगविली असल्याचे दाखविले. ओल्या चुन्यात रंगाचे कण शिरतात आणि चुना दगड होताना त्यांना पोटात घेतो. म्हणजे तेथे रंग हा निराळा थर राहतच नाही, आणि जेथे थर नाही तेथे पोपडा कशाचा सुटणार? नंतर पुरातत्त्व खात्याने नायककालीन थर त्याच दुबळ्या सीमेवरून जपून सोडवून घेतला, काचतंतूंच्या फळ्यांवर बसविला, आणि दोन्ही काळांची चित्रे राखली. एका पिढीच्या कारागिरांची कुचराई तीनशे वर्षांनी असे वरदान ठरली.

सरफोजींचा 1832 साली अंत झाला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. छत्रे कोणी पाडली नाहीत. ती सरकारकडे, आणि तेथून पुढे जिल्हा बोर्डाकडे आली. अन्नछत्राचा जुना व्याप आटत गेला, आणि ओरत्तनाडूच्या आवारात पुढे शाळेने आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाने आसरा घेतला. सरफोजींच्या काळापासूनच या छत्राचा शिक्षणाशी संबंध होता, तेव्हा हा बदल काही विपरीत म्हणता येत नाही. परंतु चुन्याची भिंत ही दरसाल थोडे मागून घेणारी वस्तू आहे, आणि दरसाल थोडे देणारा धनी गेल्यानंतर तिच्या वाट्याला पुष्कळ वर्षे काहीच नाही आणि मग एकदम ढोबळ दुरुस्ती, असा न्याय येतो. त्यात नवे द्रव्य आले होते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्प्डिन याने 1824 साली घेतले, म्हणजे सरफोजींच्या हयातीतच. आणि हिंदुस्थानातील पहिले सिमेंट 1904 साली मद्रासेसच तयार झाले. काठिण्य हाच गुण मानणाऱ्या नव्या इंजिनिअरी दृष्टीला जुन्या चुन्यावर सिमेंटचा जाड हात मारणे ही मोठी सुधारणा वाटली.

त्यामुळे उतरंड उलटी झाली. आता सर्वांत बाहेरचा थर सर्वांत बळकट आणि आतला सर्वांत मऊ. सिमेंट भिंतीची ओल बाहेर पडू देत नाही. पाणी त्याच्या पाठीमागे साठते, क्षार सफेदीवर फुटण्याऐवजी गिलाव्याच्या पाठीशी, चुन्याच्या सांध्यात, स्फटिकरूपाने वाढतात आणि आतल्या आत चुन्याची भुकटी करीत राहतात. वरचे कवच कित्येक वर्षे ठणठणीत दिसते. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले म्हणजे मात्र फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. मग एखाद्या पावसाळ्यात ते कवच पोपड्यापोपड्यांनी नव्हे, ताटाएवढ्या खपल्यांनी निखळते, आणि जाताना विटांचा दर्शनी भाग सोबत घेऊन जाते. दुबळा थर भिंतीत आधीही होता. आधी तो बाहेर, हाताला येईल अशा जागी होता, आता तो आत, नजरेआड गेला. आमच्या भाषेत ‘वज्रलेप’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो, वराहमिहिराने बृहत्संहितेत दिलेल्या वास्तूच्या लेपाचा आणि तीर्थक्षेत्री केलेल्या न फिटणाऱ्या पापाचा. सिमेंटच्या बाबतीत कोणता घ्यावयाचा याबद्दल जुनी इमारत दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराला शंका उरत नाही.

अलीकडे तमिळनाडूत जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत सिमेंट खरडून काढून पुन्हा चुन्याकडे वळण्याची रीत रूढ होऊ लागली आहे. चुना काही दिवस पाण्याखाली मुरत ठेवतात. हिरडे फोडून, गूळ घालून, पिंपात भिजत घालतात, आणि त्या काळपट, आंबूस वासाच्या पाण्याने वाळू आणि चुना घाणीत मळतात. मळताना अधूनमधून थापीवर थोडा चुना घेऊन ती थापी उलटी धरतात. चुना पडला नाही तर तो भिंतीवर जाण्याजोगा झाला. पडला तर घाणीला आणखी एक फेरा.